तिसरा प्रवेश माझा आहे, शीतल

अन्याय माझ्यावर झाला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, नंतरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, जळगावातल्या आपल्या तालमीच्या हॉलमध्ये, तू तिसरा प्रवेश वाचायला घेतलास तेव्हा. करणारी तू. सोसणारी मी. साक्षीला सगळी मंडळी होती, आणि शेजारच्या डाळ मिलमधून उडणाऱ्या फोलपटाच्या धुळीनं ती शिंकत होती.

पत्रकाची सुरुवात अशीच करायची, हे मी तुला शिकवलं होतं. कुणावर, कधी, कुठे, कुणी. रडगाणं नंतर. तू हसायचीस. म्हणायचीस, "करुणा, तू मेलीस तरी यमाला आधी पत्रक देशील." आता बघ, मेलीस तू. पत्रक तुलाच देतेय.

तू गेल्यावर तुझ्याबद्दल बरंच छापून आलं. गुणी लेखिका, खानदेशची लेक, अकाली मावळलेली वगैरे. त्यातलं मी काही लिहिणार नाही. तू गेलीस म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. आपलं भांडण अर्ध्यावर आहे आणि ते मी एकटीनं पुढे चालवणार आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. म्हणून एवढं सांगून टाकते. आपण दोघी एका चित्रकाराच्या आयुष्यातल्या बायकांवर नाटक करत होतो. माहिती काढायची दोघींनी, लिहायचं तू. चित्रकार आपल्याच खानदेशातला, मोठा, मुंबई-दिल्लीत ज्याची चित्रं टांगलेली आहेत असा. तोही आता नाही. त्याचं नाव या लेखात येणार नाही. धुळ्यात ते एका चौकाला दिलंय, तेवढं पुरे. बायकांची नावं मात्र येतील, कारण ती कुठेच आलेली नाहीत. धुळ्याच्या यशोदाअक्का, त्याची लग्नाची बायको. आणि जळगावच्या शालिनीबाई, एकेकाळी त्याच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या, ज्यांच्याकडे तो धुळ्याहून दर शनिवारी चहाला यायचा आणि ज्यांच्याबद्दल गाव चहापेक्षा बरंच जास्त बोललं. गाव बोलून मोकळं झालं. शालिनीबाईंचं लग्न झालं नाही ते नाहीच. दोघीही हयात आहेत. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत.

आणि ती चित्रं. एकच बाई, पुन्हा पुन्हा, पाठमोरी. नऊवारी लुगडं, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, केस मोकळे. चेहरा एकाही चित्रात नाही. जळगावच्या एका सराफांच्या दिवाणखान्यात आपण त्यातलं एक बघितलं, आठवतं? त्यांनी चित्रावरचा पडदा असा ओढला की जणू आता आरतीच. "ही त्यांची शालिनी," म्हणाले, यांनीच जमवून दिल्यासारखं. मी तिथल्या तिथे विचारलं, "शालिनीबाईंना विचारलंय का कुणी?" सराफांचा चेहरा पडला. तू माझा हात दाबलास आणि त्यांच्या बायकोकडे वळलीस. "काकू, पडदा कशाला हो?"

"अगं, नातवंडं पाठीवर बॉल मारतात तिच्या."

तू इतकी हसलीस की काकूंनी आपल्याला जेवायलाच बसवलं. थंडीचे दिवस होते, भरीत-पुरी होती. मी पोटभर खाल्लं, नाही म्हणत नाही. पण वाढताना काकू बघत होत्या तुझ्याच ताटाकडे. प्रश्न बरोबर माझा होता. भरीत तुझं होतं.

मला तुझा हेवा वाटायचा. गोड मैत्रीतला, चेष्टेतला नाही. पोटात जळतं तो. आत्ताही वाटतो. शोकसभेत सगळे तुझ्या फोटोला फुलं वाहत होते, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? इथेही हिचंच.

यशोदाअक्का मी शोधल्या. हे छापून ठेवते, कारण आपले दिग्दर्शक प्रमोदभाऊ शोकसभेत माइकवर म्हणाले की शीतलनं अक्कांना शोधून काढलं. चूक. मी काढलं. धुळ्याच्या उन्हात रिक्षावाल्यांना विचारत फिरले. चौक सगळ्यांना माहीत, त्याची बायको कुणाला नाही. घर सापडलं तेव्हा अक्कांनी दार अर्धंच उघडलं.

"आठे कसाले वनी तू?"

इथे कशाला आलीस. मी सरळ सांगितलं, तुमच्यावर अन्याय झालाय अक्का, आम्ही तो मांडणार आहोत. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. दार होतं तेवढंही उघडं राहिलं नाही. "माले काही सांगनं नही," एवढं ऐकू आलं आणि मग कडी. पुन्हा गेले, पुन्हा कडी.

मग तुला नेलं. एसटीत पारोळ्यापर्यंत तू माझ्या खांद्यावर झोपलीस आणि पारोळ्याला जागी होऊन म्हणालीस, "आज तू काही विचारू नको. निस्ती बस." अक्का गच्चीवर बिबड्या, ज्वारीचे पापड, घालत होत्या. शिजवलेला ज्वारीचा घाटा, ओल्या धोतरावर थापायचा, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. तू जिन्यातच चपला काढल्यास, बाह्या वर सारल्यास आणि म्हणालीस, "अक्का, घाटा गार होऊन राहिला तुमचा. सरका, मी थापू लागते." नाव सांगितलं नाहीस. कुठली ते नाही. नाटकाचं तर नाहीच. अक्कांनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग तुझ्या हातांकडे.

"यावलकडली दिसस."

"हो. केळीवाल्यांची."

"केळीवाल्यासले बिबडी कोठे येस?" आणि तुझ्या बिबड्या जाड पडताहेत म्हणून त्यांनी तुला शिव्या घालायला सुरुवात केली. शिव्या, शीतल! मला साधी शिवीसुद्धा मिळाली नव्हती.

मी जिन्यात बसून मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. थापण्याचे आवाज, तुमचं खिदळणं, मध्येच एखादं वाक्य. उन्हं कलल्यावर अक्कांनी उरलेला घाटा वाटीत घेतला, वर तेल सोडलं, तुझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ती जिनामा बठेल पोरले बी दे." जिन्यात बसलेल्या पोरीलाही दे. तो मला मिळाला. तुझ्या हातून.

धुळ्याच्या स्टँडवर मी फुटले. म्हटलं, दार माझ्या आडनावामुळे बंद झालं. तू म्हणालीस, "तुझ्या विचारण्यामुळे. तू फौजदारासारखी उभी राहते गं. आडनावाचं काय काढून राहिली?"

"तुला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी काढतेय."

मग म्हणालीस, "खरंय. मले नाही विचारलं." एवढंच. वाद घातला असतास तर मी जिंकले असते. तू मान्य केलंस आणि मी आणखी पेटले. तेव्हा ते बोलून गेले. "असं काय आहे तुझ्याकडे? दाखव एकदा. बाजारात मिळत असेल तर आणते, नसेल तर नाद सोडते." जळगावची गाडी लागली. तू खिडकीची जागा मला दिलीस. मला वाटलं विषय संपला. तू ते वाक्य जपून ठेवत होतीस, हे मला काय माहीत.

शालिनीबाई माझ्या वाट्याच्या होत्या. त्यांनी मला घरात घेतलं, चहा दिला, आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखी एकेका प्रश्नाची नेमकी उत्तरं दिली. "मी त्यांच्यासमोर कधी बसले नाही. मी लुगडं कधी नेसले नाही, पहिल्यापासून पाचवारी. ती बाई मी नाही. ती त्यांची बायको आहे." मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "माझ्याकडे बसून जगाच्या गप्पा मारायचे आणि घरी जाऊन तिला काढायचे. लिहून घ्या, मला राग यायचा." मी लिहून घेतलं. बाहेर येऊन तुला म्हटलं, लोकलाजेपायी नाकारताहेत.

तू काय म्हणालीस? "एकदा बाई खरं बोलून राहिली असं धरून चालू ना."

ते माझं वाक्य आहे! माझ्या प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर हेच असतं, बाई सांगते ते आधी खरं धरा. चौकाचौकात मी ते ओरडलेय. आणि ते तू, जिनं आयुष्यात एक मोर्चा काढला नाही, माझ्यावर वापरलंस. वर बरोबर वापरलंस, हे जास्त झोंबलं.

कारण तू बिबड्या थापताना अक्कांचं एक बोलणं ऐकलं होतंस, जे माझ्या मोबाइलमध्येही होतं आणि माझ्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं होतं. अक्का म्हणाल्या होत्या, नवऱ्यानं उभ्या जन्मात माझ्या डोक्यावरचा पदर पडलेला पाहिला नाही. सासू, सासरे, दीर, भरलेलं घर. तिथे सुनेचा पदर दिवसाउजेडी डोक्यावरून ढळत नाही. चित्रातल्या बाईचा पदर खांद्यावर आणि केस मोकळे. म्हणून अक्कांना खात्री, ती जळगाववाली. चित्रातल्या बाईच्या अंगावर लुगडं. म्हणून शालिनीबाईंना खात्री, ती धुळेवाली. दोघींनी जन्मभर एकमेकींचा हेवा केला, आणि ती बाई दोघींतली एकही नव्हती. त्यानं एकीचं लुगडं घेतलं, डोक्यावर पदर न घेणाऱ्या दुसरीचे केस घेतले, आणि चेहरा द्यायची वेळ आली तेव्हा बाईला भिंतीकडे वळवलं. विचारलं दोघींनाही नाही.

हे तू जोडलंस. माझ्यासमोर बसून, शेवभाजीत पाव बुडवत. मी त्या चित्रकारावर त्या दिवशी जितकी चिडले, त्याच्या निम्मी तुझ्यावर चिडले होते. मला का नाही सुचलं?

आणि मग तो रविवार. तुझ्या आबांच्या शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या वाकवून मुलांनी एक मोठी रिकामी चौकट केली होती, चित्राची. तीच आपली नेपथ्याची एकुलती वस्तू. तू तिच्यासमोर बसून वाचायला लागलीस. तिसरा प्रवेश: यशोदा एसटीनं जळगावला येते. आयुष्यात पहिल्यांदा शालिनीच्या दारात उभी राहते. शालिनी दार उघडते. आणि यशोदा म्हणते, "असं काय आहे तुझ्याकडे? दाखव एकदा. बाजारात मिळत असेल तर आणते, नसेल तर नाद सोडते."

जसंच्या तसं. सगळे हसले, कुणीतरी टाळी दिली. प्रमोदभाऊ म्हणाले, "काय वाक्य काढलं पोरीनं!" काढलं! माझ्या आतड्यातून काढलं.

मी उठले. "हे माझं आहे."

"आहेच तुझं," तू म्हणालीस.

"विचारलंस मला?"

"नाही."

"त्यानंही विचारलं नव्हतं. मग तुझ्यात नि त्याच्यात फरक काय?"

तू कागद मांडीवर ठेवलेस. "त्यानं पाठमोरी ठेवली. मी तुला तोंडासमोर उभी केली."

"हो, अख्ख्या गावासमोर. हेवेखोर म्हणून."

"अगं, पुढचं तर ऐक. शालिनी काय म्हणते ते ऐक आधी. मग म्हणशील तर काढून टाकते."

"काढ," मी म्हटलं, आणि ऐकलं नाही. बाहेर येऊन घरी जायला नशिराबादची रिक्षा धरली. वाटभर मनातल्या मनात पत्रक लिहीत होते. शीर्षक तयार होतं: लेखिकेनं मैत्रिणीला लुटलं.

नंतर कळलं तुला ताप आहे. आजारी माणसाशी भांडायचं नसतं, म्हणून मी थांबले. बरी झालीस की येणार होते, मुद्दे तयार होते. तू थांबली नाहीस. आणि आता तुझं म्हणणं ते शेवटचं म्हणणं झालं. हाही हेवाच समज. मेलेल्या माणसाला कुणी उलट बोलत नाही. मी बोलतेय.

शोकसभा संपल्यावर प्रमोदभाऊंनी मला बाजूला घेतलं, पार्किंगमध्ये, त्यांच्या गाडीपाशी. चित्रकाराची स्मारक समिती तुझ्या नावानं प्रयोग लावायला तयार आहे. धुळ्यात, मोठा हॉल, सगळी व्यवस्था त्यांची. "फक्त एक आहे, करुणा. तिसरा प्रवेश नको म्हणून राहिले ते. त्यांनी सगळीकडे छापलंय ना, ती शालिनीच म्हणून. आता म्हाताऱ्या काही वेगळंच बोलल्या तर समितीचं हसू होईल."

मी चपलेकडे बघत ऐकत होते. त्यांना वाटलं पटलं. "आणि तूच तर म्हणाली होती काढा. शीतलनं मला सांगितलं होतं, करुणा हो म्हटल्याशिवाय हा प्रवेश होणार नाही. मग आता काय अडचण?"

म्हणजे तू सांगून ठेवलं होतंस. प्रवेश ठेवायचा की काढायचा, माझ्या हातात. मी फक्त मान हलवायची होती. माझी फजिती टळली असती, समिती खूश, प्रमोदभाऊ खूश, आणि तुझ्या फोटोला हार. मला जे पाहिजे होतं ते सगळे मिळून मला द्यायला निघाले होते. तेवढ्यावरूनच मला कळलं की यात काहीतरी घाण आहे.

मी संहिता घेतली आणि आधी धुळ्याला गेले. ज्यांच्यावर प्रवेश आहे त्या दोघींना विचारायला. मला विचारणं तेवढंच येतं.

अक्कांनी दार उघडलं. माझ्या मागे बघितलं, जिन्याकडे. "ती बिबडीवाली कथी शे?" कुठे आहे.

मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसल्या. मग म्हणाल्या, "जाड बिबड्या करी गयी माय. तळाले घेस तवय तीच हातमा येस." तळायला घेतलं की तिचीच हाती येते. आणि रडल्या. मी उभी होते. मला रडू येत नव्हतं. मनात एवढंच की मी मेले असते तर या माझ्यासाठी अशा बसल्या असत्या का? नसत्या. तुझा मला तेव्हा इतका राग आला की संहिता फाडली असती.

फाडण्याऐवजी वाचली. उंबऱ्याबाहेर उभी राहून, सभेत वाचतात तशी, मोठ्यानं. यशोदा शालिनीच्या दारात येते. माझं वाक्य आलं. अक्कांनी डोळे पुसले आणि मांडीवर थाप मारली.

"हाई मन्हं बोलनं नही शे! माले तवय असं बोलता उनं नही. कोनी लिखं?" त्यांना तेव्हा असं बोलता आलं नव्हतं.

"लिहिलं शीतलनं. बोलले मी होते, अक्का."

"कोले?"

"तिलाच. मला तिचा हेवा वाटायचा."

"आते मरी गयी ना ती."

"अजून वाटतो."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, आडनावाच्या पलीकडचं. मग सरकल्या आणि शेजारची फरशी हातानं झाडली. "बठ."

मी बसले आणि पुढचं वाचलं, जे त्या रविवारी ऐकलं नव्हतं. शालिनी यशोदाला म्हणते, "माझ्याकडे काही नाही गं. मला वाटायचं तुझ्याकडे आहे. तू दारात उभी राहून विचारतेस. मला कधी कुणाच्या दारात उभं राहता आलं नाही. कुणी हाकलू नये म्हणून मी आधी कामाला हात लावते. लोकांना वाटतं लाघवी आहे. मी घाबरट आहे. तुझा मला फार हेवा वाटतो."

शालिनीबाईंनी असलं काही मला सांगितलं नव्हतं. कामाला हात शालिनीबाई लावत नाहीत.

"वाच ना," अक्का म्हणाल्या. "आडकनी का?"

हो, अडकले होते. शीतल, हे तू मला सांगायचंस. एसटीत, रस पिताना, कुठेही. नाटकात का घातलंस? मी तुला दर वेळी तोंडावर सांगितलं, तूही एकदा सांगून बघायचंस. मी काय खाल्लं असतं तुला? चिडले असते. मग हसलो असतो. आता मी कुणाला विचारू की खरंच का? तू घाबरायचीस? कुणाला? मला?

पुढे पदराचं आणि लुगड्याचं येतं. वाचून झाल्यावर अक्का बोटांनी पदर चाचपत राहिल्या. "मंग ती कोन शे?"

"कुणीच नाही, अक्का. त्याच्या मनातली."

चहा आला. कप घरातलाच होता. मी बघितलं, सवयीनं बघते. आडनावाचं भांडण तू जिंकलीस असं समजू नकोस, एका कपानं ते मिटत नाही. बघितलं एवढं सांगते. चहा संपल्यावर अक्का म्हणाल्या, "तिले फोन लाव."

लावला, स्पीकरवर. "शालिनीबाई, मी करुणा. यशोदाअक्का बोलताहेत." पलीकडे पंख्याचा आवाज.

"बाई," अक्का फोनच्या अगदी तोंडाशी जाऊन ओरडल्या, "तुमी लुगडं नेसत नहीत का?"

"नाही हो. मला नेसताच येत नाही."

"मंग तुमले नही काढं त्यानी."

"तुम्हाला तरी कुठे काढलं?"

अक्का हसायला लागल्या. मग पलीकडूनही हसू आलं, बारीक, शाळेत बाईंना येऊ नये तसं. "आपला दोन्हीसना जलम गया ओ बाई," अक्का म्हणाल्या.

"गेला खरा. गुडघे कसे आहेत तुमचे? ते सांगायचे, फार दुखतात म्हणून."

अक्कांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तुमना च्या चांगला ऱ्हास म्हने. घर ई सन तेच सांगे." तुमचा चहा चांगला असतो, घरी येऊन हेच सांगायचा. "माले कडू लागे."

"या ना मग प्यायला. बघा कडू आहे का."

मी फोन धरून बसले होते, बिनकामाची. दोघींना माझी गरज नव्हती. तू असतीस तर तुझीही नसती, आणि आपण जिन्यात बसून कुढलो असतो, दोघी. ते मला पाहिजे होतं. तेवढंच पाहिजे होतं.

दोघींना विचारलं. दोघी हो म्हणाल्या. हा प्रवेश व्हायचा, त्यांच्यासमोर व्हायचा, आणि त्या शेजारी शेजारी बसून बघणार. उरले मी. माझंही हो आहे. प्रमोदभाऊंना सांगितलंय, पण माझ्या नावानिशी. ते वाक्य करुणाचं आहे असं रंगमंचावरून सांगायचं, यशोदेच्या तोंडून नव्हे, सुरुवातीलाच. हेवेखोर तर हेवेखोर. तू मला तोंडासमोर उभी केलीस ना? मग नीट उभी कर. आणि शालिनीचं ते उत्तर शीतलचं आहे, हेही सांगायचं. तुला नाही विचारलं. फिटंफाट.

आता तू जरा बाजूला हो, शीतल. मला वाचणाऱ्यांशी बोलायचंय.

श्रावणात, कानबाईच्या उत्सवाच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी, धुळ्यात प्रयोग आहे. पहिल्या रांगेत दोन म्हाताऱ्या बसलेल्या दिसतील, एकीच्या डोक्यावर पदर, दुसरी पाचवारीत. समितीनं तिसऱ्या प्रवेशाला अजून होकार दिलेला नाही. प्रमोदभाऊ "बघू" म्हणतात, आणि आपल्याकडे बघू म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तुम्ही या. घरातल्या बायकांना घेऊन या. नळ्यांच्या त्या रिकाम्या चौकटीसमोर यशोदा शालिनीच्या दारात येऊन उभी राहिली नाही आणि नाटक पुढे सरकलं, तर टाळी वाजवू नका, हळहळू नका, घरी जाऊन बोलू नका. तिथेच, जागेवर उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, तिसरा प्रवेश कुठे आहे? उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.